पडद्यावरचा मूक माणूस

आमच्या शहरात एक चित्रपट मंडळ आहे. दोनशे खुर्च्यांचे सभागृह, महिन्याला दोन चित्रपट, नंतर चहा आणि चर्चा, असा त्याचा शिरस्ता आहे. गेल्या महिन्यात मंडळाच्या चालकांचा मला निरोप आला की येत्या वर्षाच्या कार्यक्रमासाठी काही चित्रपट सुचवा आणि प्रत्येकाविषयी चार ओळी लिहून द्या. सभासदांच्या पत्रकात त्या छापू. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्यापैकी एक सद्गृहस्थ आपुलकीने म्हणाले, "तुमच्या बाजूचे चित्रपट सुचवा. फक्त ते सिनेमा म्हणूनही चांगले असावेत."

या वाक्यात दुष्टावा नव्हता, आणि म्हणूनच ते विचार करण्याजोगे आहे. दलित साहित्याच्या जन्मापासून हेच वाक्य आपण ऐकत आलो. अनुभव जळजळीत आहे, पण हे साहित्य आहे का? वेदना खरी आहे, पण तिला कलेचे रूप आले आहे का? जणू 'चांगले' ठरवण्याचा तराजू आधीच कुठेतरी तयार होता आणि आपल्याला त्यात फक्त माल टाकायचा होता. तराजू कुणी घडवला, त्याची मापे कुणाची, हे विचारायचे नाही. साहित्यात हा प्रश्न आपण विचारला. चित्रपटाच्या बाबतीत अजून पुरेसा विचारलेला नाही. चार ओळींत तो मावेना, म्हणून हा लेख.

चित्रपट मंडळांचे ऋण मी नाकारत नाही. १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, १९५९ साली अशा संस्थांचा देशव्यापी संघ झाला, १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. या चळवळीने चित्रपटाकडे गंभीरपणे पाहायला शिकवले. आमच्याच सभागृहात मी 'बायसिकल थीव्ज' पाहिला. सायकल चोरीला गेल्यावर रोजगार बुडणार म्हणून पोराला घेऊन रोमभर वणवण करणारा तो बाप मला परका वाटला नाही. तसा बाप मी घरात पाहिला होता. इटलीतला बाप इतका जवळचा वाटावा आणि आपल्याच देशाच्या चित्रपटातला आपला माणूस मात्र पुष्कळदा परका वाटावा, याचे कारण मी बरेच दिवस शोधत होतो. कारण असे की तो बहुतेक वेळा बोलत नाही. तो सोसतो, पाहतो, मरतो. पण बोलत नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. मुक्यांचे मुकेपण हा त्यांचा स्वभाव नसून त्यांच्यावर लादलेली गोष्ट आहे, आणि ती मोडायची आहे, असा त्या नावाचा अर्थ. आपल्या चित्रपटाने त्या मुकेपणाचे काय केले, या एकाच प्रश्नाच्या आधारे मी पुढील चित्रपट सुचवतो. ते याच क्रमाने दाखवावेत अशी माझी विनंती आहे, कारण क्रमालाही अर्थ आहे.

दोन नायिका

सुरुवात 'अछूत कन्या'ने करावी. बॉम्बे टॉकीजचा हा बोलपट १९३६ चा. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, देविका राणी आणि अशोककुमार प्रमुख भूमिकांत. रेल्वे फाटकवाल्या दुखियाची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांचे प्रेम समाज फुलू देत नाही. शेवटी फाटकावर प्रताप आणि कस्तुरीचा नवरा यांची मारामारी जुंपते, गाडी येत असते, आणि ती थांबवायला धावलेली कस्तुरी गाडीखाली मरते. आपल्या मरणाने इतरांना वाचवणारी अस्पृश्य स्त्री सवर्ण प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणते, आणि प्रश्न तिच्याबरोबरच संपतो.

हा चित्रपट १९३६ चा आहे हे प्रेक्षकांना मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याच वर्षी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मसुदा पाहून अधिवेशनच रद्द केले, आणि बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. आदल्या वर्षी येवल्याची घोषणा झालेली होती. म्हणजे रस्त्यावरचा अस्पृश्य धर्मांतराची भाषा बोलत होता तेव्हा पडद्यावरची अस्पृश्य कन्या रुळावर जीव देत होती. दोन्ही घटना एकाच देशात, एकाच काळात घडत होत्या.

हीच रीत पुढे १९५९ सालच्या 'सुजाता'त अधिक कोवळी होऊन येते. बिमल रॉय यांची सचोटी आणि नूतनचा अभिनय यांविषयी वाद नाही. पण सुजाता स्वीकारली जाते ती पालक आईला रक्त दिल्यानंतर. माणूस म्हणून जे मिळायला हवे ते रक्त देऊन विकत घ्यावे लागते. चित्रपटात गांधीजी आहेत. तीन वर्षांपूर्वी नागपुरात लाखोंनी घेतलेल्या धम्मदीक्षेचा वाराही तिथे पोचलेला नाही. वेळ असेल तर हाही दाखवावा, पण 'अछूत कन्या'नंतर लगेच. तेवीस वर्षांत किती पुढे आलो आणि किती जागच्या जागी राहिलो, ते कळेल.

दोन कुऱ्हाडी

सत्तरच्या दशकात समांतर चित्रपट आला. त्याने गाव खरे दाखवले, जमीनदार खरा दाखवला. श्याम बेनेगलांचा 'अंकुर' (१९७४), गोविंद निहलानींचा 'आक्रोश' (१९८०) आणि सत्यजित रायांचा 'सद्गती' (१९८१) हे तिन्ही चित्रपट आपण पाहिलेच पाहिजेत. मी त्यांच्याविषयी आदराने बोलतो. पण आदर म्हणजे डोळे मिटणे नव्हे.

'अंकुर'मधला किष्टय्या मुका-बहिरा आहे. 'आक्रोश'मधला आदिवासी लहान्या भिकू बोलू शकतो, पण बोलत नाही. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावरच आहे. खरे गुन्हेगार गावचे प्रतिष्ठित आहेत. वकील भास्कर कुलकर्णी जीव तोडून त्याला विचारतो आणि तो नुसता पाहत राहतो. ओम पुरींचे ते डोळे विसरता येत नाहीत. विजय तेंडुलकरांच्या पटकथेत हे मौन हेच सर्वात मोठे अस्त्र आहे. पण प्रश्न असा की हे मौन कुणासाठी आहे? लहान्या आपल्या माणसांत, आपल्या बोलीत, बापाशी, बहिणीशी, मेलेल्या बायकोविषयी काहीच बोलत नसेल का? चित्रपट त्याला बहुतेक वेळा वकिलाच्या समोर बसवून पाहतो, म्हणून तो आपल्याला मुका दिसतो. मौनाचा एवढा मोठा अर्थ लावला जातो तेव्हा कॅमेरा कुठे उभा होता तेही विचारले पाहिजे.

शेवटी लहान्या बापाच्या चितेपाशी येतो आणि कुऱ्हाड उचलतो. कुऱ्हाड पडते ती तरुण बहिणीवर. आपल्या बायकोचे झाले ते हिचे होऊ नये म्हणून तो तिला मारतो आणि मग आकाश फाटेल असा ओरडतो. त्या ओरडण्याने अंगावर काटा येतो हे खरे. पण पुरुषाचा आवाज फुटावा म्हणून बाईने मरायचे, हे गणित आपण निमूटपणे मान्य करायचे का? 'अंकुर' या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. तिथे नवरा मुका आहे, पण शेवटी जमीनदाराला तोंडावर शाप देते ती लक्ष्मी. शबाना आझमींच्या त्या आवाजाची चर्चा अभिनयाच्या अंगाने होते. विद्रोहाच्या अंगाने तितकी होत नाही.

'आक्रोश'मध्ये आणखी एक मुका माणूस आहे, आणि मला लहान्यापेक्षा तो जास्त अस्वस्थ करतो. सरकारी वकील दुसाणे. अमरीश पुरींनी केलेला हा दुसाणे स्वतः आदिवासी आहे. शिकला, वर आला, गावच्या बड्यांच्या बैठकीत त्याला खुर्ची आहे. रात्री त्याला फोन येतात आणि फोनवरचा आवाज त्याची जात काढून त्याला धमकावतो. तो रिसीव्हर खाली ठेवतो आणि सकाळी पुन्हा कोर्टात जातो. न्यायाच्या बाजूने उभे राहायची जागा त्याच्याजवळ आहे. तो उभा राहत नाही. बाबुराव बागुलांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिले. दुसाणे जात चोरतही नाही, ती सर्वांना ठाऊक आहे. तो फक्त आवाज चोरतो. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली ती या माणसाविषयी होती. आपल्या घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या माझ्यासारख्या प्रत्येकाने 'आक्रोश' पाहताना एक डोळा दुसाणेवर ठेवावा.

'सद्गती' राय यांनी दूरदर्शनसाठी केला, प्रेमचंदांच्या कथेवरून. तो तासाभराहूनही लहान आहे, पण या तिन्हींत मला तो सर्वात कठोर वाटतो. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला पंडित घासीरामाकडे जातो. अंगात तापाचा अशक्तपणा, पोटात अन्न नाही. पंडित त्याला आधी अंगण झाडायला लावतो, मग भुसा वाहायला, मग एक गाठीचे लाकूड फोडायला. ओंडका फुटत नाही. दुखी घाव घालत राहतो आणि तिथेच मरतो. ('अछूत कन्या'तला बाप दुखिया, हा दुखी. आपल्या माणसांची नावेसुद्धा दुसऱ्याच्या दयेतून पडलेली!)

दुखीचे शेवटचे घाव पाहावेत. त्यांत राग आहे. तो राग ज्या ओसरीकडे जायला हवा तिकडे न जाता लाकडावर कोसळतो. दोन वर्षांत दोन चित्रपटांत ओम पुरींच्या हातात कुऱ्हाड आली आणि दोन्ही वेळा ती चुकीच्या जागी पडली. हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. दिग्दर्शकांना आपला राग कळला होता, त्याची दिशा दाखवण्याचे मात्र त्यांच्या हातून झाले नाही.

पण 'सद्गती'त एक गोष्ट आहे जी चर्चेत सहसा येत नाही. दुखी मेल्यावर गोंड माणूस चांभारवाड्यात जाऊन सांगतो की प्रेताला हात लावू नका. आणि कुणीही येत नाही. बायको झुरिया पावसात एकटी आक्रोश करते, पण वाडा हलत नाही. प्रेत ब्राह्मणांच्या पाणवठ्याच्या वाटेवर पडलेले. शेवटी पहाटेच्या अंधारात पंडित काठीने प्रेताचा पाय उचलतो, दोरीचा फास अडकवतो आणि ओढत ओढत मेलेली जनावरे टाकतात त्या जागी नेऊन टाकतो. मोहन आगाशांना घामाघूम होऊन ती दोरी ओढताना पाहिले की मला महाड आठवते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितले की मेलेली जनावरे ओढणे सोडा. 'सद्गती'तल्या वाड्याने महाड ऐकले असेल असे चित्रपट म्हणत नाही. पण तिथे घडते ते तेच. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ओढले त्यांनी एक दिवस नकार दिला, आणि ओढणे कसे असते ते पंडिताला स्वतःच्या हातांनी कळले. लोक या दृश्याला अमानुषतेचा कळस म्हणतात. तो आहेच. पण मला त्यात मूक माणसांचा नकारही दिसतो. तो शब्दांवाचून दिला गेला, आणि तरीही तो कुणाला कळला नाही असे झाले नाही.

कॅमेरा गप्प बसतो तेव्हा

मुकेपण मोडल्याचा पुरावा हवा असेल तर आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' दाखवावा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. हे तेच घोगरे, ज्यांचा आवाज पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये ऐकू येतो. डाव्या चळवळीत आयुष्य घातलेल्या या शाहिराने मरताना डोक्याला निळे कापड बांधले होते. त्या निळ्या कापडाचा अर्थ शोधत चौदा वर्षे हा चित्रपट घडत गेला आणि मग लोकांसमोर आला.

तो सुमारे तीन तासांचा आहे. मंडळाचे सभासद लांबीविषयी कुरकुर करतील. करू द्यावी. वस्त्यांमध्ये मोकळ्या पटांगणात लोकांनी तो रात्री बसून पाहिला आहे. यात आपली माणसे बोलतात, गातात, भांडतात, नेत्यांना जाब विचारतात, बाया हसतात. दिग्दर्शक दलित नाही; पण त्याचा कॅमेरा एक मोठी गोष्ट करतो, तो ऐकतो. पडद्यावरचा माणूस बोलू लागायला कॅमेऱ्याने गप्प बसावे लागते, हा साधा धडा समांतर चित्रपटाला पुरता उमगला नव्हता. सहानुभूती असणे आणि ऐकता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच्या पाठोपाठ चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' दाखवावा. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गाजला, पुढच्या वर्षी इथे प्रदर्शित झाला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्याला मिळाले. शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की त्यांचे गाणे ऐकून एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली. म्हणजे आता आपला माणूस मुका नाही. तो बोलतो, आणि बोलणे हाच गुन्हा ठरतो. कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार खऱ्या आयुष्यातही नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने ते गेले.

'कोर्ट'मधला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा प्रसंग कामगाराच्या विधवेच्या साक्षीचा आहे. ती शांतपणे सांगते: गटारातून झुरळ बाहेर आले की आत हवा आहे असे तो समजायचा, दारू प्यायल्याशिवाय त्याला उतरता यायचे नाही. तिच्या आवाजात ना रडणे आहे, ना आवेश. हाताने मैला साफ करायला लावणे बंद करणारा नवा कायदा २०१३ साली आला, आणि त्यानंतरही माणसे गटारात गुदमरून मरतच आहेत. हे सगळे त्या झुरळाच्या एका वाक्यात येते. 'सिनेमा म्हणून चांगले' असे विचारणाऱ्या सद्गृहस्थांनी या प्रसंगात कॅमेरा किती लांब आणि किती स्थिर ठेवला आहे ते पाहावे. ही संयमाची कला आहे, आणि तिला विषयापासून वेगळे काढता येत नाही.

एक चित्रपट दूरचा

यादीत एक अमेरिकन चित्रपटही मी घातला आहे: चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप'. १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटनेला दलित पँथर हे नाव दिले, तेव्हा कृष्णवर्णीयांशी आपले नाते जाहीर केले. त्यांच्या कविता, आत्मकथने आपण अनुवादून वाचली. त्यांचे चित्रपट मात्र फारसे पाहिले नाहीत.

लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स या काळ्या वस्तीत, विद्यापीठातला विद्यार्थी असताना, सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारच्या माणसांना घेऊन बर्नेट यांनी हा चित्रपट केला. १९७७ साली तो पुरा झाला, पण त्यातल्या गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरता न आल्याने २००७ पर्यंत तो रीतसर प्रदर्शितच होऊ शकला नाही. स्टॅन नावाचा माणूस कत्तलखान्यात मेंढ्या कापण्याचे काम करतो, थकतो, त्याला झोप येत नाही. गरम चहाचा कप तो गालाला लावून बसतो. बायको त्याच्याबरोबर नाचते आणि तिला कळते की त्याच्या अंगात आता काही उरलेले नाही. पोरे रेल्वेच्या पटांगणात दगडफेक खेळतात. मोठे काही घडत नाही. कुणी गोरा मालक चाबूक घेऊन येत नाही, कुणी गोरा वकील उद्धाराला येत नाही.

हा चित्रपट मी आपल्या तरुण लेखकांना आणि दिग्दर्शकांना मुद्दाम सुचवतो. अत्याचार हीच आपल्या आयुष्याची एकमेव कथा नाही. अत्याचाराच्या दोन घटनांच्या मध्ये जो मंगळवार असतो, ज्या दिवशी कुणी मारत नाही पण थकवा असतो, त्या मंगळवाराचा चित्रपट आपल्याकडे अजून फार थोडा आहे.

दगड

आता 'फँड्री'. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा चित्रपट २०१३ सालचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. कैकाडी समाजातला जब्या शाळेत शिकतो, शालूवर जीव लावतो, काळ्या चिमणीच्या मागे फिरतो. बाप कचरूला गाव डुकरे पकडायला लावते, आणि जब्यालाही उतरावे लागते, शाळेसमोर, सगळ्यांच्या देखत, शालूच्या देखत. डुक्कर हाताशी येते आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते, डुक्कर निसटते. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून बाप-लेक नेतात तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीबाई यांची चित्रे दिसतात. भिंतीवर महापुरुष आणि भिंतीखाली ही वरात. यावर चित्रपट एक शब्द बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी मंडळाने 'फँड्री' दाखवला तेव्हा माझ्या वर्गातली सात-आठ मुले मी सोबत नेली होती. डुक्कर पकडण्याची धावपळ सुरू झाली आणि सभागृहात हशा पिकला. प्रसंग तसा आहेच. पडद्यावरचे गावही हसत असते. माझ्या शेजारचा विद्यार्थी हसला नाही. त्याने समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मग शेवटी जब्याने दगड उचलला आणि तो थेट पडद्यातून आमच्याकडे आला. दिवे लागले तेव्हा सभागृह चिडीचूप होते.

'अंकुर'चाही शेवट दगडानेच होतो. किष्टय्याला चाबकाने मारल्यावर एक लहान मुलगा जमीनदाराच्या घरावर दगड मारतो, काच फुटते. त्या मुलाला नाव नाही. तो दिग्दर्शकाची आशा आहे. कॅमेरा बाजूला उभा राहून ती आशा टिपतो, आणि आपण प्रेक्षक सुरक्षित असतो. दगड दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीवर गेलेला असतो. 'फँड्री'तल्या मुलाला नाव आहे, बाप आहे, प्रेम आहे, अपमान आहे, आणि त्याचा दगड आपल्यावर येतो. चाळीस वर्षांत दगडाची दिशा बदलली, कारण कॅमेरा धरणारा माणूस बदलला. ज्यांनी दुखी आणि लहान्याच्या कुऱ्हाडी पाहिल्या आहेत त्यांना हा फरक लगेच कळेल. म्हणूनच मी क्रमाचा आग्रह धरला.

त्या दिवशीच्या चर्चेत चौकटींविषयी, प्रकाशाविषयी, चिमणीच्या प्रतीकाविषयी पुष्कळ बोलले गेले. हशाविषयी कुणी बोलले नाही. मीही बोललो नाही. सभ्य सभागृहात आपणच विषय काढला तर वातावरण बिघडेल, असे मला वाटले. बाहेर आल्यावर सायकलचे कुलूप काढता काढता तो विद्यार्थी एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही काही बोलला नाहीत." तक्रारीचा सूर नव्हता. त्याला खरोखरच कारण कळले नव्हते. मला दुसाणे आठवला.

दोन पेले

म्हणून शेवटचा चित्रपट तमिळ: मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८), निर्माते पा. रंजित. तिरुनेलवेलीच्या विधी महाविद्यालयात शिकायला आलेला परियन नावापुढे अजून न मिळालेली पदवी लावून टाकतो. इंग्रजीत चाललेला तास त्याला कळत नाही. त्याच्या कुत्रीला रुळाला बांधून मारलेले असते. त्यालाही तसेच मारायचे घाटते. लोकनाट्यात स्त्रीचे सोंग घेऊन नाचणाऱ्या त्याच्या बापाची भर रस्त्यात विटंबना होते. पण महाविद्यालयाचे प्राचार्य त्याला बोलावून आपला स्वतःचा भूतकाळ सांगतात, आणि शिकत राहायला सांगतात. दुसाणेचे उत्तर मला या माणसात सापडले. शिकलेल्या माणसाने फार मोठे काही करायचे नसते. आपण कुठून आलो ते मागून येणाऱ्याला योग्य वेळी सांगायचे असते.

शेवटी परियन मुलीच्या बापाशी बोलतो. शब्द सौम्य आहेत, अर्थ कठोर: तुम्ही आहात तसेच राहाल आणि आम्ही कुत्र्यासारखेच राहावे असे म्हणाल तोवर काही बदलणार नाही. मग टेबलावर दोन पेले दिसतात, एकात दुधाचा चहा, एकात कोरा, मध्ये एक फूल. तमिळनाडूतल्या चहाच्या टपऱ्यांवरची दोन पेल्यांची चाल ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. पेले अजून दोनच आहेत, पण एका टेबलावर आहेत. दिग्दर्शक यापुढे एक पाऊलही खोटे टाकत नाही.

ही माझी यादी. हे चित्रपट आता मोबाईलवरही शोधता येतात, मग सभागृहात कशाला, असे विचारले जाईल. मोबाईलवर पाहताना शेजारी कोण हसले ते कळत नाही, म्हणून. चित्रपट एकत्र पाहणे म्हणजे एकमेकांना पाहणेही असते, आणि ते आपल्याकडे अजून व्हायचे आहे.

मंडळाला मी यादीबरोबर दोन विनंत्या केल्या आहेत. या सर्व दिवशी शहरातल्या वसतिगृहांतल्या मुला-मुलींना वर्गणीशिवाय प्रवेश द्यावा, आणि त्यांना मागच्या रांगेत बसवू नये. दुसरी विनंती चर्चेविषयी: सुरुवात नेहमीच्या वक्त्यांनी न करता या मुलांनी करावी. चालकांनी पहिली विनंती मान्य केली आहे, दुसरीवर विचार करू म्हणाले. त्यांचा विचार होईल तेव्हा होईल. 'फँड्री' पुन्हा लागेल त्या दिवशी दिवे लागल्यावर पहिला हात मी वर करणार आहे. त्या विद्यार्थ्याला मी तसे सांगून ठेवले आहे.